कैलासवासी बापूरावांचा पहारा

सप्ताहात आवडाबाईला मोठा मान होता. दोन चुलींच्या मधली जागा तिची. वरणाला फोडणी तिच्या हातची, मिठाचा अंदाज तिचा, आणि "झालं काय वं?" हा प्रश्न गावातला कुठलाही बाप्या विचारायचा तो तिलाच.

जऊळक्याच्या पलीकडं, आगगाडी दिसते पण थांबत नाही असं ते गाव. दत्तजयंतीच्या आधी सात दिवस तिथल्या विठ्ठलमंदिरात अखंड नामसप्ताह बसतो. अखंड म्हणजे अखंड. पहिल्या दिवशी सकाळी वीणा गळ्यात गेली, की काल्याचं कीर्तन होईपर्यंत ती खाली टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले. एकानं उतरवायची, दुसऱ्यानं घ्यायची, आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं. देवळात दुसरं कुणीही येवो, सरपंच येवो की गुराखी, त्यानंही आधी वीणेकऱ्याच्या पाया पडायचं आणि मग विठ्ठलाकडं पाहायचं. ज्याच्या गळ्यात वीणा, तो तेवढे दोन तास देवाच्या शेजारचा.

दुपारी दोन ते चार हा पहारा बापूरावचा, म्हणजे आवडाबाईच्या नवऱ्याचा. हा पहारा तसा कुणाला नको असतो. जेवण अंगावर आलेलं, देऊळ रिकामं, माशा तेवढ्या जाग्या. बापूरावनं तो मागून घेतला होता. म्हणायचा, "दुपारी देवाजोळ गर्दी नसते, बोलता येते." काय बोलायचा ते आवडाबाईनं कधी विचारलं नाही. पण मंदिरामागच्या चुलीपाशी बसून बावीस वर्षं तिनं त्याचं नाम ऐकलं होतं. 'राम' तो घाईघाईनं उरकायचा, 'कृष्ण' अर्धा गिळायचा, आणि 'हरी' असा लांबवायचा की बैलाचं पाणी पिऊन व्हावं. मग एक बारीक खाकरणं. मग परत राम.

मागच्या उन्हाळ्यात बापूराव वांग्याला पाणी देता देता बांधावर बसला, तो उठला नाही. एकरभर भाजीचा मळा आवडाबाईच्याच अंगावर आला, म्हणजे तसा तो आधीपासूनच होता. आता लोक म्हणायला लागले एवढंच. मेथीच्या जुड्या, वांग्याची पोती, बाजाराच्या दिवशी पहाटेचा ऑटो, सगळं तीच पाहायची. त्याबद्दल कुणाची हरकत नव्हती. हरकत आली ती पहाऱ्याची.

पहारा बापाकडून लेकाकडं जातो असा गावचा रिवाज. बापूरावला लेक नव्हता. एक उज्ज्वला, ती वाशीमला दिलेली. दिवाळी झाल्यावर देवळाच्या ओट्यावर कमिटीची बैठक बसली तेव्हा आवडाबाई खांबाला धरून उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात मेथीच्या जुड्या बांधायची सुतळी तशीच.

कमिटीचा अध्यक्ष बबनराव. त्याचं बोलणं 'विषय असा हाय'नं सुरू व्हायचं आणि 'असं हाय ते'नं संपायचं. मधला विषय बहुधा राहून जायचा.

"विषय असा हाय," बबनराव म्हणाला, "का बापूराव गेला. दोन ते चारचा पहारा रिकामा हाय. असं हाय ते."

"रिकामा कायले असन भाऊजी?" आवडाबाई म्हणाली. "मी हावो ना. मी धरीन."

ओट्यावर कुणीतरी तंबाखू मळायचं थांबवलं.

"वयनी," बबनराव प्रेमानं म्हणाला, "वीणा जड असते."

"वांग्याच्या पोत्याहून?"

"तसं नाई. दोन घंटे उभं राहा लागते."

"बजारात मी पाच घंटे उभी राह्यतो. तुमीच मागच्या बुधवारी म्हनलं, वयनी, बसत काहून नाई."

"बाईमाणसाचं कसं असते," बबनराव आता वाशाकडं पाहून बोलायला लागला, "महिन्याचं ते... सोवळंओवळं... देवाचं काम..."

"मायं ते बंद होऊन दहा वर्षं झाले," आवडाबाईनं सांगितलं.

एवढं मोकळं उत्तर कमिटीला नको होतं. अकराच्या अकरा माणसं वाशाकडं पाहायला लागली. वाशात पाहण्यासारखं काही नव्हतं, पण पाच मिनिटं पाहिलं.

"शास्त्रात बसत नाई," शेवटी बबनराव म्हणाला.

"कोनत्या?"

"शास्त्रात म्हनजे शास्त्रात. पहिल्यापासून. आज तुमाले देलं तं उद्या सगळ्याच मागतीन. असं हाय ते."

पहारा गजेंद्रला दिला गेला. गजेंद्र बापूरावच्या धाकट्या भावाचा मुलगा, वय सव्वीस, कान दोन आणि त्यातला एक कायम मोबाईलला लागलेला. "एक मिन्ट, एक मिन्ट" हा त्याचा श्वास. पहारा मिळाल्याची बातमीही त्यानं "एक मिन्ट, एक मिन्ट, काय भेटलं मले?" अशी घेतली. देवळाच्या भिंतीवर पेंटरनं पहाऱ्यांचा बोर्ड रंगवला, आणि दोन ते चारच्या पुढं बावीस वर्षांत पहिल्यांदाच बापूरावचं नाव नव्हतं. आवडाबाईनं बोर्ड वाचला. दुसरीपर्यंत शिकली होती, तेवढं वाचायला पुरलं. मग ती फोडणीची मोहरी निवडायला गेली.

सप्ताह बसला. कीर्तनाला रामकिसन महाराज. महाराजांची पद्धत अशी, की प्रत्येक वाक्याचं शेपूट ते श्रोत्यांकडून काढून घ्यायचे. तिसऱ्या दिवशीचा विषय स्त्रीमहिमा होता.

"बाई म्हणजे दे...?" महाराजांनी हात कानामागं नेला.

"वी," मांडवानं उत्तर दिलं.

"देवाच्या दारात लहान-मोठा भेद ना...?"

"ही."

"स्त्री-पुरुष भेद ना...?"

"ही!" बबनरावचा आवाज सगळ्यांत वर होता.

मांडवाच्या मागच्या बाजूला चार देव्या लसूण सोलत बसल्या होत्या. एक आवडाबाई. दुसरी भागिरथा, तोंडानं फटकळ. तिचा नवरा नानाजी देवळात टाळकरी होता. तिसरी तांड्यावरची हेमला. ती आवडाबाईच्या मळ्यात खुरपायला यायची आणि सप्ताहात हाताला हात म्हणून आली होती. चौथी म्हणजे परातीतली लसणाची रास, असं भागिरथा म्हणायची, कारण तिच्याकडंही कुणी पाहत नव्हतं.

"हेमले, तुमच्यात कसं हाय वं?" भागिरथानं विचारलं.

"आमच्या घरी बोकड कापते तवा बाप्येच कापते, बाप्येच शिजवते," हेमला म्हणाली. "बाईले हात लावू देत नाईत. प्रसाद बी नाई."

"अवं माय."

"पन तेवढा एक दिवस सयपाक नाई करा लागत," हेमलानं जोडलं. "मी म्हनतो, देव चांगला हाय बिचारा."

स्पीकरची वायर ओढत रफीकभाई तिथून चालला होता. मांडव आणि बॅटरीवरचा माईक त्याचा. तो थांबला. "भाभी, आमच्या अम्मीले दर्ग्यात आतमंदी जाऊ देत नाई. जालीतून फुलं देते ते. तीस साल झाले, जालीतूनच देऊन राह्यली."

आवडाबाईनं एक पाकळी सोलून परातीत टाकली. "म्हनजे सगळ्या देवायचं बाकी काई जमत नसन," ती म्हणाली, "पन या एका गोष्टीत एकमत हाय."

पुढं महाराजांनी "बाईवाचून घर शो...?" असं विचारलं. तेव्हा मांडवाच्या मागून भागिरथानं "भतं, आन् मंग धुनं" असं उत्तर दिलं, ते सुदैवानं पुढं पोचलं नाही.

चौथ्या दिवशी घडलं ते विजेमुळं.

गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, नऊ दिवसांपासून जळालेली होती. हरभरा सुकत होता, गव्हाला पाणी नव्हतं, मोटरी मुक्या पडल्या होत्या. त्यामुळं यंदाच्या सप्ताहात दुपारीसुद्धा देऊळ भरलेलं असायचं. बबनराव त्याला भक्तीची लाट म्हणत होता. चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजून आठ-दहा मिनिटं झाली असतील, मांडवातला पंखा, जो कुणीतरी विसरून चालूच ठेवला होता, गरगर फिरायला लागला.

"लाईन आली," कुणीतरी म्हणालं.

पाठीमागून पोलीस लागावे तशी भक्तीची लाट उठली. चपला शोधायलाही कुणी थांबलं नाही. ज्याच्या पायात जी आली ती त्याची. तीस माणसं अर्ध्या मिनिटात शिवाराकडं गेली, कारण लाईन किती वेळ राहील ते विठ्ठलालाही ठाऊक नव्हतं. देवळात राहिले दोघं. एक नानाजी, भागिरथाचा म्हातारा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, टाळ हातात, पाठ खांबाला. त्याला उभं राहायला दोन माणसं लागायची. आणि दुसरा गजेंद्र, गळ्यात वीणा, चेहरा रडवेला. त्याचा गहू रस्त्याच्या पार पलीकडं होता.

नेमकी त्या वेळी आवडाबाई चहाचा पेला घेऊन आली. संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक मळता मळता उठलेली. हात कोपरापर्यंत पिठाचे, पावलंही पिठाची.

"काकू, एक मिन्ट, एक मिन्ट," गजेंद्र म्हणाला. "जरा धर बरं हे. मोटर चालू करतो आन् आलोच."

"मी?"

"दुसरं कोन हाय?"

"शास्त्रात बसत नाई म्हने."

"काकू, लाईन जाईन ना."

शास्त्र थांबू शकत होतं, लाईन नाही. आवडाबाईनं चहाचा पेला पायरीवर ठेवला, हात पदराला पुसले. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, म्हणून ती पुतण्यापुढं वाकायला लागली.

"पाया राहू दे, डायरेक घे," गजेंद्र म्हणाला. वीणा तिच्या गळ्यात घालून तो उड्या टाकत गेला. त्याचं एक मिनिट सुरू झालं.

वीणा जड नव्हती. मेथीच्या गठ्ठ्याएवढीही नव्हती. आवडाबाईनं आधी तार छेडून पाहिली. मग आजूबाजूला पाहिलं. मग विठ्ठलाकडं पाहिलं. इतक्या जवळून तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं; बायकांची रांग दाराबाहेरून जायची. विठ्ठलाच्या कानामागं धूळ होती. बाप्यांना दिसली नसेल.

"राम कृष्ण हरी," ती म्हणाली. आवाज फुटेना. परत म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिच्या लक्षात आलं, की 'राम' घाईनं गेला, 'कृष्ण' अर्धा राहिला, आणि 'हरी' थांबायला तयार नाही. बावीस वर्षं कानात ओतलेलं नाम दुसऱ्या कुठल्या चालीत बाहेर येणार. शेवटी तिला बारीक खोकलाही आला. कणकेचं पीठ घशात गेलं होतं.

नानाजीनं मिटल्या डोळ्यांनी टाळाला टाळ लावला. त्याला ही चाल सवयीची होती.

अर्ध्या तासानं हेमला शोधत आली. "अवं, कनीक सुकून राह्यली..." म्हणता म्हणता दारात थांबली. आवडाबाईला बोलता येत नव्हतं. पहाऱ्यात नामाशिवाय शब्द काढायचा नाही; गजेंद्रनं काढले ते सोडा. तिनं भुवया उचलल्या. हेमला मागं गेली आणि भागिरथाला घेऊन आली. दोघी उंबऱ्यापाशी उभ्या.

"पाया पडा लागते काय?" हेमलानं विचारलं.

"वीनेच्या पडा लागते. नेम हाय," भागिरथा म्हणाली. "कोनाच्या गळ्यात हाय ते नेमात नाई."

दोघी पाया पडल्या. आजवर आवडाबाईच्या पाया पडली ती फक्त उज्ज्वला, तीही सासरी जाताना.

गजेंद्रचं एक मिनिट काही संपेना. लाईन टिकली होती. तीन वाजले, साडेतीन वाजले. आवडाबाईचे पाय दुखत नव्हते. भीती एवढीच होती, की तो आता येईल.

आला नाही. चार वाजता आला बबनराव. चार ते सहाचा पहारा अध्यक्षांचा. गव्हाला पाणी सुरू झालेलं, मन प्रसन्न, बाहेरचं ऊन डोळ्यांत भरलेलं. देवळातल्या अंधारात त्याला नाम ऐकू आलं, तीच जुनी चाल, तोच लांबलेला 'हरी'. तीस वर्षं तो जे करत आला तेच त्यानं केलं. डोळे मिटले, तोंडानं नाम सुरू केलं, वाकला आणि वीणेकऱ्याच्या पायावर डोकं टेकवलं. उठला तो डोळे मिटलेलाच. मान पुढं केली. गळ्यात वीणा आली. त्यानं तार छेडली. मग डोळे उघडले.

समोर आवडाबाई होती.

बबनराव काही म्हणाला नाही. म्हणू शकतच नव्हता. गळ्यात वीणा होती, आणि नामाशिवाय शब्द काढायचा नव्हता. "राम," तो म्हणाला. "कृष्ण." आणि मग असा 'हरी' म्हणाला की उंबऱ्यावरची हेमला दोन पावलं मागं सरली.

आवडाबाई कणकेकडं गेली.

पुढचे दोन तास बबनराव संतापानं देवाचं नाव घेत राहिला. एवढं कळकळीचं नाम त्या देवळात कधी झालं नव्हतं, असं लोक अजून सांगतात. शिवारातून माणसं परत येत होती, वीणेच्या पाया पडत होती, वर पाहत होती आणि पाहतच राहत होती. अध्यक्षांच्या कपाळावर बुक्क्याच्या बरोबर मधोमध गव्हाच्या पिठाचा पांढराशुभ्र ठसा होता. अंगठ्यासकट.

सहा वाजता वीणा पुढच्याच्या गळ्यात गेली आणि बबनरावला वाचा फुटली.

"विषय असा हाय," तो ओरडला, "का सप्ताह मोडला."

कमिटी ओट्यावर बसली. रामकिसन महाराजांना मधोमध बसवलं. गजेंद्रला उभं केलं. तो म्हणाला, "एक मिन्टच होतं," आणि मोबाईल खिशात घातला. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते सगळ्यांना कळलं.

"मोडला तं मंग कसं करायचं?" एकानं विचारलं.

"पयल्यापासून. परत सात दिवस," बबनराव म्हणाला.

लाईन आली होती. गहू अर्धा भिजला होता, हरभरा राहिला होता. महाराजांचं पुढचं कीर्तन पोहरादेवीकडं ठरलेलं, मांडव दुसऱ्या गावाला द्यायचा. परत चौऱ्याऐंशी पहारे म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात एकेक कोरडं वावर उभं राहिलं.

"मोडला असं म्हनायची घाई नको करू," दुसरा म्हणाला. "वीना खाली टेकली काय? नाई टेकली."

"पन बाईनं धरली," बबनराव म्हणाला.

"बाईनं धरलेली चालत नसन तं तुमी तिच्या हातून घेतली कशी?" भागिरथा मांडवाच्या मागून म्हणाली. "पाया बी पडले."

"मी पडलो नाई. मी वीनेच्या पडलो."

"वीनेच्या पायाले पीठ होतं काय?"

बबनरावनं कपाळाला हात लावला. हात पांढरा झाला. आता पेच असा होता: बाईचा पहारा ग्राह्य धरला नाही, तर सप्ताह मोडतो आणि गहू मरतो. धरला, तर दिवाळीनंतरच्या बैठकीत वाशाकडं पाहून सांगितलेलं सगळं शास्त्र जातं. गव्हाला वाचवून शास्त्रही वाचेल अशी वाट पाहिजे होती. सगळ्यांनी महाराजांकडं पाहिलं. त्यासाठीच तर बोलावलेले असतात.

महाराजांनी डोळे मिटले. नानाजीला पुढं आणायला सांगितलं. दोन माणसांनी त्याला आणलं.

"बाबा, दोन ते चार तुम्ही तिथंच होते. वीणा कोणाच्या गळ्यात होती?"

"मले काय दिसते," नानाजी म्हणाला. "पन आवाज बापूरावचा होता. खोकला बी त्याचाच."

महाराजांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "पत्नी म्हणजे पतीचं अर्धं अं...?"

"ग," कमिटी म्हणाली.

"आवाज कोणाचा हो...?"

"ता."

"बापूरावां...?"

"चा."

"म्हणजे आजचा पहारा बापूरावांनीच ध...?"

"रला," कमिटीनं एका दमात सांगितलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. गहू वाचला. शास्त्रही वाचलं. मेलेल्या माणसानं दोन तास उभं राहून वीणा धरली, यात कुणालाच काही खटकलं नाही; जिवंत बाईनं धरली असती तर खटकलं असतं.

"असं हाय ते," बबनराव म्हणाला. पेंटरला बोलावून बोर्डावर गजेंद्रचं नाव पुसायचं आणि 'कै. बापूराव' लिहायचं ठरलं, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.

आवडाबाई दोन चुलींच्या मधून हे सगळं ऐकत होती. तिला हवं ते तिला मिळालं होतं. बोर्डावर नाव परत आलं होतं. आणि ते दोन तास, ती वीणा, विठ्ठलाच्या कानामागची धूळ, हे जणू तिच्या बाबतीत घडलंच नव्हतं. तिनं वरणात पळी फिरवली. मग पळी ठेवली, हात धुतले आणि ओट्यापाशी आली.

"मंग उद्या बी त्यायनंच धरावा," ती म्हणाली.

"कोनं?" बबनराव म्हणाला.

चाळीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. "बापूरावनं," ती म्हणाली. "आज धरला म्हनता, तं उद्या काहून नाई धरनार? बोर्डावर त्यायचंच नाव हाय. गजेंद्रचं तं तुमीच पुसलं."

"अवं पन बापूराव..."

"ते येतीन. आज आले ना? तुमीच सांगतलं आता."

बबनरावनं महाराजांकडं पाहिलं. महाराज शेल्याच्या टोकाला काही लागलं आहे का ते तपासत होते. गजेंद्रनं आयुष्यात पहिल्यांदा "एक मिन्ट" न म्हणता थेट उत्तर दिलं: "मले चालते."

पाचव्या दिवशी दोन वाजता बापूराव आले. डोक्यावर पदर होता, पावलं आज धुतलेली होती. सहाव्या दिवशीही आले. चार वाजता वीणा घ्यायला बबनराव यायचा. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, त्याला इलाज नव्हता. तो आधी मोठ्यानं, बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बापूराव, घेतो बरं," आणि मग वाकायचा.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर बैठक भरली, तेव्हा ओट्याखाली सहा बायका उभ्या होत्या. सगळ्यांचे नवरे वारलेले, सगळ्यांचे कधीकाळी पहारे असलेले. गेल्या वर्षीच्या निर्णयाप्रमाणे आपापल्या माणसाचं नाव बोर्डावर परत लिहावं, एवढीच त्यांची मागणी होती. निर्णय महाराजांचा होता, सही अध्यक्षांची होती. बबनराव वाशाकडं पाहत राहिला. वासा गेल्या वर्षीचाच होता.

सप्ताहाला रामकिसन महाराज आले तेव्हा बारा पहाऱ्यांच्या बोर्डावर सात नावांपुढं 'कै.' होतं. महाराजांनी बोर्ड दोनदा वाचला. "या गावात," ते हळूच म्हणाले, "माणसं वारल्यावर फार धार्मिक होतात."

सगळ्यांत वाईट वाटलं ते भागिरथाला. सगळ्या विधवा पहाऱ्यावर आणि ती एकटी लसणापाशी. तिनं बबनरावला गाठलं. "भाऊजी, मायं कवा?"

"तुह्या माणसाले 'कै.' लागल्यावर," बबनराव म्हणाला. "जित्या माणसाचा पहारा जिता माणूसच धरते. असं हाय ते."

भागिरथानं खांबाला टेकलेल्या नानाजीकडं पाहिलं. नानाजीनं टाळ वाजवला आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "मले घाई नाई."

चार वाजले. बबनराव आत आला. उन्हातून आला होता, तरी या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. या वर्षात त्याचे गुडघे धरले होते. वाकताना तो हात भिंतीला लावायचा.

"बापूराव," तो म्हणाला. बाहेर कुणी नव्हतं, तरीही सवयीनं म्हणाला. मग जरा थांबला. "द्या आता, वयनी."

आवडाबाईला नामाशिवाय काही बोलता येत नव्हतं. तिनं 'हरी' नेहमीसारखा लांबवला आणि त्याला फार वाकावं लागू नये म्हणून उजवा पाय पायरीवर, जरा वर घेऊन ठेवला.